ईमचं गाव आणि ईमची पॅरिश

इंग्लंडमधल्या खेड्यांबद्दल बोलताना आपण 'व्हिलेज' आणि 'पॅरिश' या दोन्हींना सरसकट 'गाव' म्हणतो. डर्बीशरमधल्या ईमची प्लेगच्या काळातली हकिकत वाचताना मला हे फार खटकतं. या एका शब्दापायी तिथली काही माणसं हकिकतीतूनच गळून जातात.

व्हिलेज म्हणजे आपलं गावठाण: रस्त्याकडेची दगडी घरं, मधोमध चर्च. पॅरिश म्हणजे शिवेच्या आतलं सगळं, त्यात कुरणं आली, वाड्या आल्या, माळावरची एकटी घरंही आली. ईमच्या जुन्या पॅरिशमध्ये तर फूलो हे वेगळं खेडंसुद्धा होतं. मुळात हा एका चर्चचा मुलूख, वसईचे ख्रिस्ती ज्याला 'धर्मग्राम' म्हणतात तो. पण इंग्लंडमध्ये त्याच्या गळ्यात सरकारी कामंही पडली. 1538 पासून बाप्तिस्मा, लग्न आणि दफनाच्या नोंदी ठेवायच्या, 1601 च्या कायद्याने गोरगरिबांसाठी पट्टी गोळा करायची, सगळं पॅरिशनेच. 1894 मध्ये खेड्यांतला हा कारभार चर्चपासून वेगळा काढून पॅरिश कौन्सिलकडे दिला. म्हणून आजची 'सिव्हिल पॅरिश' आपल्या ग्रामपंचायतीच्या जवळची, आणि फूलोची आता स्वतंत्र आहे.

सप्टेंबर 1665 मध्ये लंडनहून आलेल्या कापडाबरोबर ईममध्ये प्लेग आला, असं सांगतात. पुढच्या उन्हाळ्यात रेक्टर, म्हणजे पॅरिशचे धर्मगुरू, विल्यम मॉम्पेसन आणि आधीचे धर्मगुरू थॉमस स्टॅनली यांच्या शब्दाखातर रोग बाहेर पसरू नये म्हणून लोकांनी स्वतःला शिवेच्या आत कोंडून घेतलं. शेजारच्या स्टोनी मिडलटन गावाच्या वाटेवर शिवेचा एक दगड आहे. त्याच्या खळग्यांत व्हिनेगर ओतून नाणी ठेवायची. बाहेरचे लोक ती घेऊन जायचे आणि धान्य ठेवून जायचे.

नोव्हेंबर 1666 मध्ये मॉम्पेसनने पत्रात हिशेब लिहिला: 'माझ्या पॅरिशमधल्या' 76 कुटुंबांत रोग शिरला, 259 माणसं गेली. त्याने शब्द पॅरिश वापरला, आणि तोच बरोबर होता.

कारण गावठाणापासून सुमारे अर्ध्या मैलावर, रायलीच्या उतारावर हॅनकॉक कुटुंब राहायचं. ऑगस्ट 1666 मध्ये एलिझाबेथ हॅनकॉकने आठ दिवसांत नवरा आणि सहा मुलं स्वतःच्या हातांनी पुरली. त्यांच्या स्मृतीचे दगड चर्चच्या आवारात नाहीत. ते तिथेच रानात, गोल दगडी कुंपणाच्या आत उभे आहेत.