एका युनिटात किती बादल्या?

माझ्या आजीच्या परसातल्या विहिरीला रहाट होता. धुणं, भांडी, गुरं, माणसांच्या अंघोळी धरून रोज चाळीसेक बादल्या पाणी ती शेंदायची. हे कष्ट विजेच्या हिशेबात मांडले, तर किती भरतील?

15 लिटरची बादली 10 मीटर वर ओढायला सुमारे 1500 ज्यूल ऊर्जा लागते. वीजबिलावरचं एक युनिट म्हणजे 36 लाख ज्यूल. म्हणजे एका युनिटात 2400 बादल्या, आजीची दोन महिन्यांची शेंदणी! पंपात अर्ध्याहून अधिक वीज वाया जाते असं धरलं, तरी हजारेक बादल्या सहज वर येतील. दिवसभर राबणाऱ्या माणसाच्या स्नायूंतून जेमतेम अर्धा-पाऊण युनिट काम निघतं. आजीचे हात त्यासाठी सोलवटायचे, म्हणून हा आकडा पहिल्यांदा मांडला तेव्हा मी बराच वेळ तो नुसता बघत बसलो.

आता तीच एक बादली अंघोळीसाठी तापवू. 25 अंशांवरून 55 अंशांवर न्यायला अर्ध्या युनिटाहून थोडी जास्त वीज लागते. एक बादली तापवायची ऊर्जा विहिरीतून साडेबाराशे बादल्या ओढायला पुरली असती!

काम आणि उष्णता यांचा हा भाव 1840च्या दशकात जेम्स ज्यूलने मोजून ठरवला. दोरीला टांगलेली वजनं खाली पडताना पाण्यातली पाती फिरवत आणि घुसळून पाणी किंचित तापे. पाणी 427 मीटर उंचीवरून पडलं आणि सगळी ऊर्जा त्यातच राहिली, तरी तापमान वाढतं फक्त 1 अंश. त्या हिशेबाने अंघोळीची बादली तापवणं म्हणजे ती एव्हरेस्टच्याही कितीतरी वर, जवळजवळ 13 किलोमीटर उचलणं. पाण्याच्या प्रत्येक रेणूची धडपड वाढवायची असते, आणि पाणी उष्णता भरपूर सामावून घेतं.

घरातली उपकरणं या नजरेने पाहिली की बिलाचा उलगडा होतो. पाटा-वरवंटा गेला, मिक्सर आला. 750 वॅटच्या मिक्सरवर तीन मिनिटं चटणी वाटली, तर तेवढ्या विजेने अंघोळीची बादली जेमतेम दोन अंश तापते. जुना 75 वॅटचा पंखा आठ तास फिरला की एक बादली तापवण्यापेक्षा थोडी जास्त वीज लागते. नव्या बीएलडीसी (ब्रशविरहित मोटरच्या) पंख्याला त्याच्या निम्म्याहूनही कमी पुरतं. बायकांच्या खांद्यावरचा भार ज्या यंत्रांनी उचलला, ती विजेच्या बाबतीत फार थोडक्यात भागवणारी आहेत, हे मला मुद्दाम सांगावंसं वाटतं. धुण्याच्या यंत्रातही कपडे घुसळायला थोडीच वीज लागते, पाणी तापवायला जास्त.

आजीच्या घरी वीज नव्हती, म्हणून ऊर्जा कमी खर्च होत होती असं मात्र नाही. किलोभर सुक्या लाकडात चार युनिटांहून जास्त उष्णता असते. उघड्या चुलीवर तिचा जेमतेम दहावा हिस्सा भांड्यात पोचायचा. बाकी धूर, भिंती आणि आजीचे डोळे. तांब्याचा बंब त्या मानाने हुशार: जाळ मधल्या नळीत आणि भोवती पाणी. आईच्या काळात वातीचा स्टोव्ह आणि मग गॅस आला, तेव्हा भांड्यात पोचणारा वाटा कितीतरी वाढला.

फ्रिज आणि एसी उष्णता तयार करत नाहीत, ती आतून बाहेर नेऊन टाकतात. म्हणून दीड टनाचा एसी तासाला दीडेक युनिट घेऊन पाच युनिटांएवढी उष्णता खोलीबाहेर काढतो. तरीही एक तास म्हणजे जवळजवळ तीन बादल्या तापवण्याची वीज, आणि एसी रात्रभर चालतो.

गिझरचं मला सगळ्यात जास्त वाईट वाटतं. चंद्रपूर किंवा कोराडीच्या औष्णिक केंद्रात कोळसा जाळून 500 अंशांहून तप्त वाफ करतात. त्या उष्णतेतली साधारण एक तृतीयांश वीज होऊन निघते, बरीचशी शीतक मनोऱ्यांतून हवेत जाते. ती मोलाची वीज तारांमधून न्हाणीघरात आणून आपण पाणी पुन्हा 55 अंशांवर नेतो. तेवढ्या तापमानाला गच्चीवरच्या सौर बंबाच्या काळ्या नळ्या आणि सकाळपासूनचं ऊन पुरतं.