स्टॉकहोमला पहिल्यांदाच आठवडाभर जाताय? व्हिसाचा अर्ज कुठे अडतो ते आधी वाचा

स्टॉकहोमचा व्हिसा नाकारल्याचं पत्र घेऊन जे माझ्याकडे येतात, त्यातल्या बहुतेकांचं पहिलं वाक्य ठरलेलं असतं, "अहो, खात्यात तर आठ लाख होते!" पैसे असतात. हॉटेल असतं, विमा असतो, तिकिटाचं आरक्षण असतं. पण रजेच्या पत्रावर एक तारीख, विम्यावर दुसरी आणि प्रवासाच्या आराखड्यात तिसरीच. अर्ज तपासणारा अधिकारी तुम्हाला भेटत नाही. त्याच्यासमोर फक्त फाइल असते आणि फाइलमधले कागद एकमेकांशी जुळले नाहीत तर तो फोन करून विचारत बसत नाही. बँकेतून निवृत्त झाल्यापासून शेजारपाजारच्यांचे आणि नात्यातल्यांचे अर्ज भरून देते आहे. त्यात जे पुन्हा पुन्हा अडताना पाहिलं, तेच इथे सांगते.

स्वीडनसाठी वेगळा व्हिसा नसतो, शेंगेनचा, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून एकच चालणारा, अल्पमुदतीचा व्हिसा लागतो. तोच कोपनहेगन, ओस्लो, हेलसिंकीला चालतो. नॉर्वे युरोपीय संघात नाही, पण शेंगेनमध्ये आहे. अर्ज कुठल्या देशाकडे करायचा, याचा नियम साधा आहे: जिथे जास्त दिवस राहणार, त्या देशाकडे. स्टॉकहोम पाच दिवस आणि पॅरिस पाच दिवस असं समसमान असेल, तर शेंगेनमध्ये आधी जिथे प्रवेश करणार तिकडे. दुसऱ्या देशाची तारीख लवकर मिळते म्हणून त्याच्याकडे अर्ज करायचा आणि राहायचं भलतीकडे, हा सल्ला कोणीही दिला तरी ऐकू नका. आराखड्यातल्या रात्री मोजल्या की ते लगेच उघडं पडतं. स्टॉकहोमहून रात्रीच्या बोटीने हेलसिंकीला जाऊन येणार असाल, तर त्या बोटीवरच्या रात्रीही आराखड्यात लिहा. नाहीतर हॉटेलच्या आरक्षणात मध्येच दोन रात्रींचं भोक दिसतं आणि या रात्री कुठे काढणार, हा प्रश्न उभा राहतो.

पंधरा दिवसांचा घोळ

सर्वात जास्त नुकसान इथे होतं. "निर्णय १५ दिवसांत" असं वाचून लोक निर्धास्त होतात. ते १५ दिवस वकिलातीने अर्ज दाखल करून घेतल्यावर सुरू होतात, व्हिसाचे अर्ज स्वीकारणाऱ्या केंद्रात बोटांचे ठसे दिलेल्या दिवसापासून नाही. शिवाय बारकाईने तपासणी करायची ठरली, तर हीच मुदत ४५ दिवसांपर्यंत वाढू शकते. नियमातच तशी तरतूद आहे, त्यामुळे भांडायला जागा नाही. नियमात आणखी एक १५ आहे: प्रवासाच्या किमान १५ दिवस आधी अर्ज दाखल झाला पाहिजे. ही शेवटची तारीख आहे, योग्य तारीख नव्हे. या दोन पंधरांची गल्लत करून कितीतरी जणांनी तिकिटं बुडवली आहेत.

समजा, १० जूनला निघायचं आहे. अर्ज सहा महिने आधी, म्हणजे १० डिसेंबरपासून करता येतो. शेवटची तारीख येते २६ मे. पण ४५ दिवस लागले तर? मागे मोजत गेलं की २६ एप्रिल येते. म्हणजे एप्रिल उजाडायच्या आत फाइल गेलेली बरी. मेच्या सुट्टीत अर्धा महाराष्ट्र युरोपला निघालेला असतो, त्यामुळे केंद्राची भेटीची वेळ मिळायलाच आठवडे जातात. या काळात तुमचा पासपोर्ट तुमच्याकडे नसतो, त्यामुळे मध्ये दुबईची कामाची फेरी वगैरे असेल तर तेही धरून चाला. आणि व्हिसा हातात पडेपर्यंत परतावा न मिळणारं तिकीट काढू नका. अर्जासाठी आरक्षण पुरतं.

पासपोर्ट परतीच्या तारखेनंतर किमान तीन महिने वैध हवा आणि दोन पानं कोरी हवीत. फोटो ३५ बाय ४५ मिलिमीटरचा. फी ११ जून २०२४ पासून मोठ्यांना ९० युरो आहे, सहा ते बारा वर्षांच्या मुलांना ४५, त्याखालच्यांना माफ. केंद्राचं सेवाशुल्क वेगळं. व्हिसा नाकारला तरी फी परत मिळत नाही. मूल एकाच पालकाबरोबर जात असेल, तर दुसऱ्याचं नोटरी केलेलं संमतीपत्र आणि जन्मदाखला जोडा.

जो कागद कोणाकडेच नसतो

कागदांची यादी नोकरदार माणूस डोळ्यांसमोर ठेवून केलेली आहे, याचा मला खरोखर राग येतो. पगाराच्या पावत्या, रजेचं पत्र, आयकर विवरणपत्र. ज्याला पगार नाही, साहेब नाही आणि ज्याच्या उत्पन्नावर आयकरच लागत नाही, त्याने काय जोडायचं?

मागे सांगली जिल्ह्यातलं एक जोडपं आलं होतं. मुलगा स्टॉकहोमला नोकरीला, पहिल्यांदाच त्याच्याकडे निघालेले. काकांनी रबर लावलेली फाइल पुढे केली. आत मराठीतला सातबारा, दोन कारखान्यांची ऊसबिलं आणि गावच्या पतसंस्थेचं पासबुक. "आमच्याकडे एवढंच हाय," म्हणाले. खरं तर त्यात जवळजवळ सगळं होतं, फक्त परदेशातल्या माणसाला वाचता येईल असं नव्हतं. सातबारा डिजिटल सहीचा काढला, जोडीला आठ-अ, आणि तहसील कार्यालयाचा उत्पन्नाचा दाखला. तिन्हींचं इंग्रजी भाषांतर करून नोटरी केलं. उतारा सामाईक होता, वर भावाचंही नाव, त्यामुळे काकांचा हिस्सा किती ते पत्रात स्पष्ट लिहिलं. क्षेत्र हेक्टर-आरमध्ये असतं, त्याचे एकर कंसात दिले. उसाचं बिल राष्ट्रीयीकृत बँकेतल्या ज्या खात्यात जमा होतं, त्या खात्याचं विवरण जोडून त्या नोंदींवर पेन्सिलने खुणा केल्या. शेतीचं उत्पन्न आयकरातून मुक्त आहे, म्हणून विवरणपत्र नाही, हेही एका वाक्यात लिहिलं. कागद नसला की त्या जागी गप्प बसू नका. का नाही आणि त्याऐवजी काय जोडलं आहे, ते लिहा. शेतकऱ्याकडे परत यायचं कारण इतर कोणाहीपेक्षा पक्कं असतं, शेतात उभा ऊस असतो. ते कागदावर आलं पाहिजे, एवढंच.

निवृत्तांनी पेन्शनचा आदेश आणि पेन्शन जमा होते त्या खात्याचं विवरण द्यावं. सरकारी आणि जिल्हा परिषदेतल्या नोकरदारांनी खात्याच्या परवानगीसाठी सर्वात आधी धावावं, ती फाइल टेबलाटेबलावर मुक्काम करत येते. खाजगी कंपनीत ना-हरकत पत्र मिळतं पटकन, पण बऱ्याचदा त्यात रजेच्या तारखाच नसतात. रजा कधीपासून कधीपर्यंत मंजूर आणि पुन्हा रुजू कधी होणार, या तारखा मागून घ्या.

नावांचं जुळवणं हा आपल्याकडचा खास प्रश्न. पासपोर्टवर स्वतःच्या नावापुढे नवऱ्याचं नाव, बँकेत माहेरचं आडनाव, विम्यावर नुसती आद्याक्षरं. आपल्याला ती एकच बाई आहे हे कळतं, तिकडच्या माणसाला तीन वाटतात. तिकीट आणि विमा पासपोर्टावरच्या स्पेलिंगप्रमाणे अक्षर न् अक्षर तोच ठेवा. जुनं नाव कुठे राहिलं असेल, तर विवाह नोंदणीचा दाखला जोडा. चाळीस वर्षांपूर्वी लग्न झालेल्या कित्येकांकडे लग्नपत्रिका आणि अल्बम आहे, दाखला नाही. विवाहनोंदणी उशिराही करता येते, पण साक्षीदार, फोटो आणि चकरा यात वेळ जातो. म्हणून हे काम अगदी पहिलं हाती घ्या.

पैसे किती आणि कसे

स्वीडनचा निकष दिवसाला माणशी ४५० क्रोनरचा आहे. सात दिवसांचे ३१५० क्रोनर होतात. हॉटेल आणि तिकीट धरून खात्यात याहून भरपूर शिल्लक दिसायला हवीच, पण आकडा लाखोंचा असलाच पाहिजे असं मुळीच नाही. घातक ठरते ती आदल्या आठवड्यात आलेली मोठी रक्कम. मेहुण्याकडून दोन लाख, मावशीकडून एक लाख, आणि लगेच विवरण काढलेलं. त्यापेक्षा खात्यात नेहमी असते ती शिल्लक दाखवा. खरोखरच मुदत ठेव मोडली असेल किंवा जमीन विकली असेल, तर त्याचा कागद जोडा. यादीत कितीही महिन्यांचं विवरण मागितलेलं असो, सहा महिन्यांचं शिक्क्यासह काढून ठेवा.

विम्याची किमान रक्कम ३०,००० युरो, आणि तो संपूर्ण शेंगेन क्षेत्राला लागू हवा. आपल्याकडच्या पॉलिसी डॉलरमध्ये असतात, ५०,००० डॉलरची घेतली की प्रश्न मिटतो. परतीचा दिवसही त्यात धरा. साठीपुढच्यांनी आतली बारीक अक्षरं वाचा. वय वाढलं की काही पॉलिसींमध्ये रुग्णालयाच्या खर्चाला पोटमर्यादा घातलेली असते, आणि वरच्या पानावर मात्र मोठाच आकडा छापलेला असतो.

मुलाकडे किंवा नातेवाइकांकडे उतरणार असाल, तर त्यांनी साधं पत्र लिहून भागत नाही. स्वीडिश स्थलांतर विभागाचा २४१०११ क्रमांकाचा निमंत्रणाचा फॉर्म भरून पाठवावा लागतो, आणि सोबत तिथल्या करविभागाचा 'पर्सूनबेवीस', म्हणजे रहिवासी नोंदीचा उतारा. हा उतारा मुलं विसरतात. ती पगाराच्या पावत्या पाठवतात, घराचा करारनामा पाठवतात, आणि हाच राहतो. तो ताजा मागवा.

आराखडा स्वतः लिहा. एका एजंटने करून दिलेल्या स्टॉकहोमच्या आराखड्यात चौथ्या दिवशी आयफेल टॉवर राहून गेलेला मी या डोळ्यांनी पाहिला आहे. तो अर्ज भरणाऱ्या मुलीने कागद वाचलाच नव्हता. चार ओळी पुरतात: एक दिवस गामला स्टान, म्हणजे जुनं शहर, आणि राजवाडा, एक दिवस युरगोर्डन बेटावर, तिथे १६२८ मध्ये पहिल्याच सफरीत बुडालेलं आणि १९६१ मध्ये वर काढलेलं वासा जहाज आहे, जवळच स्कान्सेन हे उघड्यावरचं संग्रहालय, एक दिवस रेल्वेने उप्साला, एक दिवस बोटीने वॅक्सहोम. जूनच्या दुसऱ्या पंधरवड्यात जाणार असाल तर मिडसमर या तिथल्या सणाच्या शुक्रवार-शनिवारी बरंच काही बंद असतं, त्या दिवशी संग्रहालय लिहू नका.

केंद्रात प्रत्यक्ष जाऊन ठसे द्यावे लागतात. बारा वर्षांखालच्या मुलांना ठशांतून सूट आहे. तिथे काही कर्मचारी एखादा कागद "नको, लागत नाही" म्हणून परत करतात. तुम्हाला तो महत्त्वाचा वाटत असेल, तर नम्रपणे पण ठामपणे फाइलमध्ये ठेवायला सांगा. निर्णय त्या खिडकीचा नसतो.

नकार आलाच, तर छापील फॉर्मवर कारणापुढे खूण असते. "परत जाण्याच्या हेतूविषयी शंका" ही खूण पाहून लोक खचतात, अपमान वाटतो. तुमच्या सचोटीवर तो शेरा नाही, फाइलमध्ये परतीचं कारण दिसलं नाही एवढाच त्याचा अर्थ. स्वीडनच्या निर्णयावर पत्र मिळाल्यापासून तीन आठवड्यांत अपील करता येतं. कागद राहिला असेल तर मी नव्याने अर्ज करायला सांगते, त्यासाठी थांबायचं बंधन नाही. अपील तेव्हा, जेव्हा कागद दिलेला असूनही पाहिला गेला नाही. आधीचा नकार मात्र लपवू नका. ती नोंद पाच वर्षं सगळ्या शेंगेन देशांना दिसते.

व्हिसा मिळाला की स्टिकर नीट वाचा. त्यावर दोन तारखा असतात आणि वेगळ्या रकान्यात राहायचे दिवस. दोन तारखांमधलं अंतर सहसा जास्त असतं, कारण १५ दिवसांची सवड दिलेली असते. तेवढे दिवस राहता येतं असं समजू नका, खरा आकडा दिवसांच्या रकान्यातला. पोहोचल्याचा आणि निघाल्याचा, दोन्ही दिवस त्यात मोजले जातात. १२ ऑक्टोबर २०२५ पासून शिक्क्याच्या जागी संगणकावर नोंद घ्यायला सुरुवात झाली आहे, त्यामुळे एक दिवस वर गेला तरी दिसतोच.

सांगलीच्या काकांना व्हिसा मिळाला, १२ दिवसांचा. तिकीट तपासताना लक्षात आलं, मुलाने परतीचं आरक्षण १२व्या दिवशी संध्याकाळी स्टॉकहोमच्या अर्लांडा विमानतळाहून फ्रँकफर्टला आणि तिथून दुसऱ्या दिवशी दुपारी मुंबईला असं ठेवलं होतं. शेंगेनमधून बाहेर पडल्याची नोंद फ्रँकफर्टला होते, म्हणजे १३व्या दिवशी. त्याच रात्री मुलाला फोन लावला आणि परतीचं तिकीट एक दिवस अलीकडे घ्यायला लावलं.