विद्यापीठ गेटबाहेरचं शिक्षण

शहरातल्या एखाद्या कॉलेजची राष्ट्रीय सेवा योजनेची फाईल चाळली की बहुधा एकच चित्र दिसतं. दत्तक गाव, सात दिवसांचं विशेष शिबिर, सकाळी प्रभातफेरी आणि श्रमदान, दुपारी बौद्धिक, रात्री शाळेच्या पटांगणात सांस्कृतिक कार्यक्रम. कॉलेजच्या भिंतीला लागून असलेली वस्ती त्या फाईलीत क्वचितच सापडते. हे असं का झालं, ते पाहायला थोडं मागे जावं लागतं.

मराठवाड्याला विद्यापीठच उशिरा मिळालं. निजामाच्या राज्यात उच्च शिक्षण म्हणजे हैदराबादचं उस्मानिया, तेही उर्दूतून. डॉ. आंबेडकरांनी १९५० मध्ये औरंगाबादला महाविद्यालय काढलं, तेच पुढचं मिलिंद. मराठवाडा विद्यापीठ सुरू व्हायला २३ ऑगस्ट १९५८ उजाडला. राष्ट्रीय सेवा योजना १९६९ मध्ये आली. परभणीचं कृषी विद्यापीठ १९७२ चं, ऐन दुष्काळातलं. शेतकरी मेळावे, पेरणीचा सल्ला ही त्याची कामं. विद्यापीठानं लोकांत जायचं म्हणजे शिवारात जायचं, हा समज आपल्याकडे तिथूनच पक्का झाला असावा.

औरंगाबाद शहर मात्र थांबलं नव्हतं. चिकलठाण्याची औद्योगिक वसाहत, सिडकोची घरं, मग वाळूजचे कारखाने. कोरडवाहू गावं सोडून माणसं कारखान्यांत आणि बांधकामांवर आली. अशा कामगारांसाठी मुंबईत १९६७ मध्येच श्रमिक विद्यापीठ निघालं होतं. आपल्याकडची चौकट गावाचीच राहिली.

विद्यापीठ अनुदान आयोगानं १९७७ मध्ये अध्यापन आणि संशोधनाच्या जोडीला विस्तारकार्य, म्हणजे विद्यापीठाबाहेरच्या लोकांपर्यंत शिक्षण नेणं, हे विद्यापीठाचं तिसरं काम मानलं. २ ऑक्टोबर १९७८ ला राष्ट्रीय प्रौढ शिक्षण कार्यक्रम सुरू झाला. पण त्याच वर्षी २७ जुलैला विधिमंडळानं मराठवाडा विद्यापीठाला डॉ. आंबेडकरांचं नाव देण्याचा, म्हणजे नामांतराचा ठराव केला आणि मराठवाडा पेटला. साक्षरतेचे वर्ग ज्यांच्यासाठी भरवायचे, त्या दलितांचीच घरं गावोगाव जाळली जात होती. त्या वेळी तिसऱ्या कामाचं परिपत्रक कुणी किती मनावर घेतलं असेल?

पुढची सोळा वर्षं विद्यापीठ कोणाचं, हा प्रश्न मोर्चांत आणि तुरुंगांत लढला गेला. १४ जानेवारी १९९४ ला नामविस्तार झाला, विद्यापीठ ‘डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ’ झालं. तेव्हापासून दर वर्षी त्या दिवशी विद्यापीठ गेटवर मराठवाड्यातून माणसं येतात. कधी वर्गाचं तोंड न पाहिलेल्या आज्या कमानीपुढे माथा टेकतात, नातवंडांना पुस्तकांच्या स्टॉलवर नेतात. इतकी माणसं विद्यापीठापाशी आणणं कुठल्याही विस्तार विभागाला जमलेलं नाही, असं मला वाटतं.

कागदावर व्यवस्था वाढत गेली. २०१६ च्या सार्वजनिक विद्यापीठ कायद्यात आजीवन अध्ययन व विस्तार यांसाठी स्वतंत्र मंडळ आलं. नव्या शैक्षणिक धोरणाच्या आराखड्यात समाजसंपर्काच्या कामाला श्रेयांक (क्रेडिट) आहेत. श्रेयांकांसाठी पोरं वस्तीत जातीलही. पण वाळूजची दुसरी पाळी सुटते ती रात्री उशिरा, आणि कॉलेजच्या खोल्यांना तोवर कुलूप लागलेलं असतं.