बीडीडी चाळी : सरकारने खोल्या बांधल्या, वस्ती रहिवाशांनी उभी केली

वरळीच्या बीडीडी चाळींतल्या ५५६ कुटुंबांना १४ ऑगस्ट २०२५ रोजी नव्या घरांच्या चाव्या मिळाल्या. १६० चौरस फुटांची भाड्याची खोली सोडून ५०० चौरस फुटांच्या मालकीच्या घरात जाणं ही त्या कुटुंबांसाठी केवढी मोठी गोष्ट आहे, हे कुणी समजावून सांगायला नको. पण पाडल्या जाणाऱ्या चाळी म्हणजे नुसत्या जीर्ण इमारती असं धरून चाललो, तर तिथे शंभर वर्षांत काय घडलं ते आपल्या हातून निसटेल.

बीडीडी म्हणजे बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट. पहिलं महायुद्ध संपलं तेव्हा मुंबईत गिरण्या जोरात होत्या आणि गावाकडून माणसं येतच होती. राहायला जागा मात्र नव्हती. १९१८ची इन्फ्लुएन्झाची साथ आणि पाठोपाठ १९१९चा गिरणी संप यांनी सरकारला धडकी भरली. गव्हर्नर जॉर्ज लॉइड यांनी १९२० साली हे स्वतंत्र खातं काढलं आणि सर लॉलेस हेपर यांच्या हाती सोपवलं. खात्याकडे दोन मोठी कामं होती. एक, बॅकबेत समुद्र हटवून जमीन काढणं आणि दुसरं, कामगारांसाठी ५०,००० खोल्या बांधणं. पैसा उभा करायला शहरात येणाऱ्या कापसावर गाठीमागे एक रुपया कर बसवला. ज्या कापसावर कामगार राबत होता, त्याच कापसातून त्याच्या खोलीचा खर्च निघायचा होता.

प्रत्यक्षात २०७ चाळी झाल्या : वरळीत १२१, नायगावात ४२, डिलाईल रोडला ३२ आणि शिवडीत १२. प्रत्येक चाळ तळमजला अधिक तीन मजल्यांची, मजल्यावर वीस खोल्या, म्हणजे चाळीत ऐंशी. सगळ्या मिळून साडेसोळा हजारांच्या आसपास. (परळची बीआयटी चाळ, जिथे डॉ. बाबासाहेब आंबेडकर राहिले, ती वेगळी. ती १८९६च्या प्लेगनंतर स्थापन झालेल्या इम्प्रूव्हमेंट ट्रस्टची. दोन्हींची गल्लत नेहमी होते, म्हणून सांगितलं.)

कामगारांनी या चाळींत गर्दी केली का? सुरुवातीला नाही. भाडं परवडत नव्हतं, नळ आणि संडास सामायिक होते आणि वरळी त्या काळी गिरणीपासून लांब पडायची. कित्येक खोल्या वर्षानुवर्षं रिकाम्या होत्या. बॅकबेच्या कामातल्या गैरव्यवहारावर काँग्रेसचे नेते वीर नरिमन तुटून पडले आणि हार्वे या इंग्रज इंजिनिअरने त्यांच्यावर भरलेल्या अब्रुनुकसानीच्या खटल्यातून निर्दोष सुटले. त्यामुळे या खात्याचं नाव आणखीच खराब झालं. १९३०च्या सविनय कायदेभंगात तर वरळीच्या चाळींचा सत्याग्रहींसाठी तात्पुरता तुरुंग केला गेला. घर म्हणून बांधलेल्या इमारती कोठडी म्हणून चालून गेल्या, यावरून त्या बांधताना राहणाऱ्या माणसाचा विचार किती झाला होता ते दिसतं.

माणसं आली ती हळूहळू. कोकणातून आणि सातारा, सांगली, कोल्हापूर अशा घाटावरच्या भागांतून, दोन्हीकडून. एका गावच्या मंडळींनी खोली घ्यायची, पाळीनुसार आळीपाळीने झोपायचं, जेवण खानावळीत, सामान ट्रंकेत, अशी सुरुवात. मग बायकामुलं आली आणि सबंध कुटुंब एका खोलीत मावेना. म्हणून ते खोलीबाहेर पसरलं. बीडीडी चाळीचा पॅसेज मधोमध आहे, दोन्ही बाजूंना खोल्यांची दारं. दिवसाही तिथे दिवा लागतो. दाराशेजारी पाण्याचं पिंप, त्यावर झाकण, झाकणावर उपडी बादली, वरच्या दोरीवर वाळणारे कपडे. रात्री तिथेच पुरुषांची अंथरुणं पडायची. परीक्षेच्या दिवसांत दिव्याखाली पोरं पुस्तकं घेऊन बसायची. नळावरचे नंबर कुणी लावायचे, पाणी कुणी किती भरायचं, जिना कुणी झाडायचा, हे ठरवायला माणसांना एकत्र बसावंच लागलं. चाळ कमिटी निघाली ती अशा रोजच्या गरजेतून.

कमिटी, भिशी, गावमंडळ, उत्सव मंडळ, महिला मंडळ, व्यायामशाळा. नागरी जीवन म्हणतात ते याहून वेगळं काय असतं? जिन्याजवळचा काळा फळा हा या कारभाराचा खरा दप्तरखाना. त्यावर खडूने कुणाच्या निधनाची बातमी, कुणाच्या मुलीचे दहावीचे गुण, वर्गणीची शेवटची तारीख, रक्तदान शिबिराची वेळ. घरात मयत झालं की त्या घरच्याला काही शोधावं लागत नसे. सामान आणणारे, गावी कळवणारे, मुलांना जेवू घालणारे ठरलेले असत. गणपतीत नमन आणि जाखडी, मैदानात कबड्डी, १४ एप्रिलला भीमजयंतीची मिरवणूक, जांबोरी मैदानावर सभा आणि दहीहंडी.

हे सगळं गोडच होतं असं मी म्हणणार नाही. कुठल्या चाळीत कोण, हे पुष्कळदा जातीवर ठरलेलं होतं आणि ती रेघ १९७४ साली उघडी पडली. मध्य मुंबई लोकसभेच्या पोटनिवडणुकीवर बहिष्काराची हाक देणाऱ्या दलित पँथरची सभा ५ जानेवारीला वरळीत झाली, तिच्यावर दगडफेक झाली आणि पुढचे काही महिने वरळी आणि नायगाव धुमसत राहिले. १० जानेवारीच्या मोर्चात पँथरचे कार्यकर्ते भागवत जाधव मारले गेले. पोलिसांच्या वागण्यावर गंभीर आरोप झाले आणि चौकशीसाठी न्या. भस्मे आयोग नेमावा लागला. शेजारधर्माच्या आठवणी सांगताना हे पान गाळणं मला अन्यायाचं वाटतं.

१८ जानेवारी १९८२ला गिरणी संप सुरू झाला आणि तो कधी रीतसर संपलाच नाही. वस्तीचा आर्थिक कणा मोडला. बायकांनी डबे, शिवणकाम, पापड-मसाल्यांवर घरं चालवली, मुलं मिळेल त्या नोकरीला लागली. पुष्कळ खोल्या आधीपासूनच पोलिसांकडे सेवानिवासस्थानं म्हणून होत्या. सगळ्या चाळींचा मालक सरकारच.

म्हणून पुनर्विकासाचा निर्णयही सरकारकडेच होता आणि तो वर्षानुवर्षं रखडला. २०१६मध्ये म्हाडाकडे काम आलं, २०१७ला जांबोरी मैदानावर भूमिपूजन झालं, वरळीत बांधकामाचा प्रत्यक्ष शुभारंभ २०२१ला. आता चाळीशी गाठणारे मजले, लिफ्ट, पार्किंग. घराचं क्षेत्रफळ कायद्याने ठरलं, पण पॅसेज, फळा, कमिटीची खोली, तालीम यांची मोजणी कुठल्या तक्त्यात होते? उंच इमारतीचा देखभाल खर्च हा रहिवाशांच्या तोंडी असलेला दुसरा प्रश्न. चाळीतलं नाममात्र भाडं भरणाऱ्या पेन्शनर कुटुंबाला लिफ्ट, पंप आणि सुरक्षारक्षकाचा महिन्याचा भार पेलेल का, याचं उत्तर सोसायट्या स्थापन होतानाच द्यायला हवं.

शिवडीच्या १२ चाळी तर या प्रकल्पात नाहीतच. त्या उभ्या आहेत ती जमीन पूर्वीच्या पोर्ट ट्रस्टची (आता मुंबई पोर्ट अथॉरिटी), म्हणजे केंद्राच्या अखत्यारीतली. एकाच खात्याने, एकाच आराखड्यावर, एकाच काळात बांधलेल्या चाळींपैकी या बारांचं काय, हा निर्णय मुंबई आणि दिल्लीच्या मध्ये अडकला आहे.