साहेब की साहेबांची माणसं?

२०१९च्या हंगामात लुइझियाना स्टेट युनिव्हर्सिटीचा, म्हणजे एलएसयूचा फुटबॉल संघ पंधराच्या पंधरा सामने जिंकून अमेरिकेतल्या कॉलेजांचा विजेता ठरला. (फुटबॉल म्हणजे तो लंबगोल चेंडूचा, हेल्मेटवाला, चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकण्याचा. कोल्हापूरकरांनी माफ करावं.) हेड कोच एड ओर्जेरॉन एका रात्रीत थोर झाले. पुढच्या वर्षी संघ पाच जिंकला, पाच हरला. त्याच्या पुढच्या वर्षी सहा विजय, सात पराभव. ओर्जेरॉन यांना नारळ मिळाला, तोही करारातल्या अटीप्रमाणे सुमारे १ कोटी ७० लाख डॉलर देऊन.

दोन वर्षांत माणूस इतका बिघडतो? की तो मुळात तेवढा चांगला नव्हताच? त्याआधी मिसिसिपी विद्यापीठात, २००५ ते २००७ या तीन हंगामांत, त्यांचा हिशेब होता १० विजय आणि २५ पराभव. मग ते पंधराच्या पंधरा आले कुठून?

लोकांनी बोट दाखवलं ते दोन सहायकांकडे. एक जो ब्रेडी, तिशीचा पोरगा, पासिंगच्या चाली बघणारा. दुसरे डेव्ह अरांडा, बचावाचे को-ऑर्डिनेटर, म्हणजे बचावाच्या चाली आखणारे. विजेतेपदानंतर आठवड्याभरात दोघंही दुसरीकडे गेले, आणि एलएसयू कोसळली. म्हणजे साहेबांची, अर्थात हेड कोचची, गाड्याबरोबर नळ्याची यात्रा झाली, असं म्हणून मोकळं व्हायला हरकत नव्हती.

आधी हे सहायक करतात काय, ते बघू. दोन चालींच्या मध्ये ४० सेकंद असतात. तेवढ्यात पुढची चाल निवडायची, मैदानावर पोहोचवायची आणि अकरा पोरांनी जागा घ्यायच्या. ती निवडणारा को-ऑर्डिनेटर बऱ्याचदा स्टेडियमच्या वरच्या काचेच्या खोलीत बसलेला असतो, पुढ्यात रंगीत चौकोनांनी भरलेला, लॅमिनेट केलेला तक्ता. २०२४पासून एका खेळाडूच्या हेल्मेटमध्ये रेडिओ बसवायला परवानगी आहे, पण घड्याळात १५ सेकंद उरले की तो आपोआप बंद होतो. हेड कोच कानाला हेडफोन लावून हे सगळं ऐकत असतो. काही हेड कोच स्वतः चाली सांगतात. पण बरेच जण चौथ्या प्रयत्नाला धोका पत्करायचा की नाही एवढंच ठरवतात. टीव्हीचा कॅमेरा मात्र सारखा त्यांच्याच तोंडावर.

तर श्रेय ब्रेडीचं? आकडे तसंच म्हणतात. क्वार्टरबॅक (आक्रमणात चेंडू फेकणारा मुख्य खेळाडू) जो बरो याने २०१८ साली, ब्रेडी येण्यापूर्वी, १६ टचडाउन पास, म्हणजे चेंडू शेवटच्या रेषेपार नेऊन गुण मिळवून देणारे पास, टाकले होते. २०१९ साली ६०. अचूक पोहोचलेल्या पासांचं प्रमाण ५७.८ टक्क्यांवरून ७६.३ टक्क्यांवर गेलं. पण बरोही त्याच वेळी गेला, व्यावसायिक लीगने सगळ्यांत आधी निवडलेला खेळाडू म्हणून. त्याच्यासकट एलएसयूचे १४ खेळाडू त्या एका वर्षी निवडले गेले. आचारी गेला त्याच दिवशी वाणसामानही संपलं. आता आमटी बिघडली ती कुणामुळे? संख्याशास्त्रज्ञांचं खरं दुखणं हेच आहे. दोन कारणं हातात हात घालून आली आणि तशीच गेली, तर कितीही गणित केलं तरी ती वेगळी होत नाहीत.

आणि गंमत अशी की आक्रमणाचा को-ऑर्डिनेटर, निदान हुद्द्याने, ब्रेडी नव्हताच. तो हुद्दा स्टीव्ह एन्समिंगर यांच्याकडे होता, आणि ते २०२०लाही तिथेच होते.

नशिबाचा वाटा वेगळाच. लंबगोल चेंडू हातातून सुटला की कुठे उसळेल ते कुणालाच सांगता येत नाही. तो कोण उचलतो हे जवळपास नाणेफेकीसारखं असतं. हंगामात सामने बारा-पंधरा. एवढ्याशा आकड्यात दोन-चार उसळ्या आपल्या बाजूने पडल्या तरी कोच थोर वाटतो. पुढच्या वर्षी उसळ्या सरासरीवर येतात आणि कोच ‘घसरतो’. शिवाय पंधरापैकी पंधराच्या वर जायला जागाच नाही, तिथून वाट खालीच जाते.

मग मोजायचं कसं? ख्रिस्तोफर बेरी आणि अँथनी फाउलर या दोन अमेरिकी राज्यशास्त्रज्ञांनी एक युक्ती केली. मुळात त्यांना राजकीय नेत्यांचा प्रभाव मोजायचा होता. तेच हत्यार त्यांनी कोचांवर चालवलं. एका कॉलेजच्या तीसेक वर्षांच्या निकालांची पट्टी डोळ्यांपुढे आणा, खाली त्या त्या वर्षीच्या कोचचं नाव. आता नावांची पट्टी कापायची, प्रत्येकाची कारकीर्द अखंड ठेवायची, आणि पत्त्यांसारखी पिसून पुन्हा चिकटवायची. असं शेकडो वेळा. कोचमुळे काहीच फरक पडत नसेल, तर पिसलेल्या नावांनीही निकाल तेवढेच जुळतील. खरी नावं त्याहून चांगली जुळली, तर तो जादा वाटा कोचचा. त्यांच्या हिशेबात वेगवेगळ्या खेळांमध्ये हा वाटा साधारण २० ते ३० टक्के निघतो.

म्हणजे कोच शोभेचा नव्हे. पण मला इथे एक खोच दिसते. पट्टीवर नाव हेड कोचचं असलं, तरी त्या नावाखाली सगळा स्टाफ येतो. साहेब बदलले की बहुधा माणसंही बदलतात. तेव्हा हे वीस-तीस टक्के साहेबांचे नाहीत, सगळ्या बिऱ्हाडाचे आहेत.

बिऱ्हाड फोडून बघायचं तर ऑबर्नला जावं लागेल. २०१० साली अलाबामा राज्यातल्या या विद्यापीठाने चौदाच्या चौदा सामने जिंकले. हेड कोच जीन चिझिक, ज्यांचा आधीच्या नोकरीतला हिशेब ५ विजय आणि १९ पराभव होता. आक्रमणाचे को-ऑर्डिनेटर गस मॅल्झान. क्वार्टरबॅक कॅम न्यूटन. इथे नशिबाने माणसं एकेक करून गेली. २०११ साली न्यूटन नाही, मॅल्झान आहेत: ८ विजय, ५ पराभव. २०१२ साली मॅल्झानही नाहीत, चिझिक तेच: ३ विजय, ९ पराभव. चिझिक गेले आणि २०१३ साली मॅल्झान हेड कोच म्हणून परतले: १२ विजय, २ पराभव. प्रयोगशाळेतही याहून नीट मांडणी क्वचित मिळते.

तरी लगेच निकाल देऊ नका. त्या २०१३च्या हंगामात अलाबामाविरुद्ध शेवटचा एक सेकंद उरला असताना समोरच्यांची ५७ यार्डांवरून मारलेली किक कमी पडली. ऑबर्नचा ख्रिस डेव्हिस गोलखांबांखाली उभा होता. त्याने चेंडू झेलला आणि अख्खं मैदान पळून टचडाउन केला. असे सामने कोणी ‘शिकवून’ जिंकत नाही. पुढच्या वर्षी ऑबर्न पुन्हा ८ विजय, ५ पराभवांवर.

कॉलेजांना मात्र एवढा धीर नसतो. संघ हरला की हेड कोच काढायचा, हा रिवाज. अॅडलर, बेरी (हे मायकेल बेरी, मघाचे नव्हेत) आणि डोहर्टी या अभ्यासकांनी १९९७ ते २०१० मधले संघ तपासले. सारख्याच वाईट संघांपैकी काहींनी कोच बदलला, काहींनी ठेवला. पुढे दोघांचे निकाल जवळपास सारखेच निघाले. आणि मधल्या प्रतीच्या संघांनी कोच बदलला, तर ते न बदलणाऱ्यांपेक्षा मागे पडले.

माझ्या मते हेड कोचची खरी परीक्षा त्याचा चांगला सहायक गेल्यावर सुरू होते. निक सेबन यांनी अलाबामात सहा विजेतेपदं मिळवली, आणि त्या सहांमध्ये आक्रमणाचे को-ऑर्डिनेटर होते पाच वेगवेगळे: मॅकएल्वेन दोनदा, मग नुसमायर, किफिन, डेबोल, सार्किशियन. त्यातल्या किफिन आणि सार्किशियन यांना आधी दुसरीकडे हेड कोचच्या खुर्चीवरून काढलेलं होतं. बचाव सांभाळणारे कर्बी स्मार्ट चार विजेतेपदांनंतर जॉर्जियाला गेले, तरी अलाबामाने आणखी दोन मिळवली. चाली लिहिणारा बदलत राहिला आणि निकाल तोच आला, तर श्रेय साहेबांकडे वळवायला आधार आहे. अर्थात दरवर्षी देशातली सर्वांत गुणी पोरं त्यांच्याच दारात उभी असत, हेही खरं. पण ती आणणं हेही साहेबांचंच काम होतं.

आणि सेबनचे सहायक घेऊन गेलेल्यांना काय मिळालं? स्मार्टनी जॉर्जियाला २०२१ आणि २०२२ अशी लागोपाठ दोन विजेतेपदं दिली. जिंबो फिशर एलएसयूत सेबनच्या हाताखाली को-ऑर्डिनेटर होते. मॅल्झानच्या ऑबर्नला अंतिम सामन्यात ३४-३१ असं हरवणारे फ्लोरिडा स्टेटचे हेड कोच ते हेच. ते पाहून टेक्सस ए अँड एमने २०१७ साली त्यांना दहा वर्षांसाठी साडेसात कोटी डॉलर कबूल केले. सहा हंगामांत ४५ विजय, २५ पराभव, विजेतेपद एकही नाही. नोव्हेंबर २०२३मध्ये त्यांना काढलं, तेव्हा मधल्या काळात वाढवून दिलेल्या करारापोटी देणं निघालं साडेसात कोटींच्याही थोडं वर. त्याचे हप्ते २०३१ सालापर्यंत चालायचे आहेत.