कोचिंगची पार्श्वभूमी: घोडागाडीपासून प्रश्नांपर्यंत

‘कोचिंग’ म्हटले की बहुतेकांच्या डोळ्यांपुढे परीक्षेची शिकवणी उभी राहते, आणि शब्दाचा इतिहास पाहता त्यात चूक काहीच नाही. हंगेरीतील कोच या गावात पंधराव्या शतकात ज्या घोडागाड्या तयार होत, त्यांना गावावरूनच नाव पडले आणि ते फिरत फिरत इंग्रजीत ‘कोच’ म्हणून रुजले. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात ऑक्सफर्डच्या विद्यार्थ्यांनी, आपल्याला परीक्षेतून पार नेणाऱ्या खासगी शिक्षकाला गमतीने तेच नाव बहाल केले. पुढे १८६० च्या सुमारास ते खेळाच्या प्रशिक्षकालाही चिकटले. आज व्यक्तिगत आणि व्यावसायिक कोचिंग म्हणून ओळखली जाणारी पद्धत मात्र या अर्थापासून बरीच दूर गेली आहे, कारण तिच्यात कोच कोणालाही वाहून नेत नाही.

या बदलाची बीजे मानसशास्त्रात सापडतात. आपल्या अडचणीचे उत्तर शोधण्याची क्षमता माणसापाशी असते आणि ऐकणाऱ्याने त्यासाठी मोकळीक निर्माण करायची असते, ही अमेरिकन मानसशास्त्रज्ञ कार्ल रॉजर्स यांची भूमिका १९४० आणि १९५० च्या दशकांत पुढे आली. १९६२ मध्ये कॅलिफोर्नियात स्थापन झालेल्या एसालेन इन्स्टिट्यूटसारख्या ठिकाणी हाच विचार आजारी नसलेल्या, पण आणखी काही साधू पाहणाऱ्या माणसांपर्यंत पोहोचला.

प्रत्यक्ष कलाटणी मिळाली ती टेनिसच्या मैदानावर. हार्वर्डच्या संघाचे कर्णधार राहिलेले टिमोथी गॅलवे टेनिस शिकवत असताना त्यांच्या लक्षात आले की सूचना वाढवल्या की शिकणारा आखडतो, आणि त्या कमी केल्या की त्याचा हात आपोआप सुधारतो. तेव्हा त्यांनी एक साधी युक्ती योजली: चेंडू जमिनीवर आपटला की ‘टप्पा’ आणि रॅकेटला लागला की ‘फटका’, एवढेच मोठ्याने म्हणायचे. मनगट कसे वळवावे, पाय कुठे टाकावा, हे कोणी सांगायचे नाही. लक्ष चेंडूवर खिळले की स्वतःलाच टोचत राहणारा आतला आवाज गप्प होतो, असे त्यांचे निरीक्षण होते. १९७४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘द इनर गेम ऑफ टेनिस’ या पुस्तकात त्यांनी ते मांडले. नाव टेनिसचे असले तरी विषय मनाच्या अडथळ्यांचा होता.

मोटारशर्यतीतील माजी विजेते जॉन व्हिटमोर यांनी ही पद्धत ब्रिटनमध्ये नेली आणि १९८० च्या दशकात ती कंपन्यांच्या कामकाजात शिरली. याच काळात तेथे ‘ग्रो’ (GROW) हा चार इंग्रजी शब्दांच्या आद्याक्षरांचा आराखडा आकाराला आला: ध्येय (Goal), सद्यस्थिती (Reality), पर्याय (Options) आणि निर्धार (Will). कागदावर तो फारच सोपा दिसतो. कस लागतो तो वापरताना. नव्याने बढती मिळालेली व्यक्ती ‘माझे सहकारी ऐकत नाहीत’ अशी तक्रार घेऊन येते, तेव्हा उपाय सुचवण्याचा मोह आवरून कोच विचारतो, ‘शेवटचे असे कधी झाले? तुम्ही नेमके काय म्हणालात?’ बोलता बोलता त्या व्यक्तीला स्वतःलाच उमगते की आपण काम सोपवले होते, पण मुदत सांगितलीच नव्हती. पुढच्या बैठकीत काय करायचे हे तीच ठरवते, आणि स्वतः ठरवलेली गोष्ट सांगितलेल्या गोष्टीपेक्षा सहसा अधिक पाळली जाते.

अमेरिकेत या कामाला स्वतंत्र व्यवसायाचे रूप देण्यात थॉमस लिओनार्ड यांचा मोठा वाटा आहे. ते आर्थिक नियोजनकार होते. पैशांविषयी बोलायला येणाऱ्यांना आयुष्याविषयीही बोलायचे असते, हे त्यांनी हेरले. १९९२ मध्ये त्यांनी कोच घडवणारी संस्था काढली आणि १९९५ मध्ये इंटरनॅशनल कोच फेडरेशनची स्थापना केली. या संघटनेच्या प्रमाणपत्राच्या पहिल्या पायरीसाठी १०० तासांच्या, तर सर्वोच्च पायरीसाठी २,५०० तासांच्या प्रत्यक्ष कोचिंगचा अनुभव लागतो. विद्यापीठांनी थोडे उशिराच लक्ष घातले. सिडनी विद्यापीठात कोचिंग मानसशास्त्राचा विभाग २००० मध्ये सुरू झाला.

तरीही बहुतेक देशांत हा व्यवसाय करण्यासाठी सरकारी परवाना लागत नाही आणि ‘कोच’ ही पाटी कोणीही लावू शकतो. त्यामुळेच जबाबदार कोच पहिल्या भेटीतच कामाची सीमा स्पष्ट करतो: हा मानसोपचार नाही, आणि नैराश्याची किंवा आघाताची लक्षणे दिसल्यास त्या व्यक्तीला योग्य तज्ज्ञाकडे जाण्यास सुचवले जाईल.