पॅशन शोधायला निघालेल्यांसाठी थोडं सायन्स

दहावी-बारावीचे निकाल लागले की पुण्यात पेढ्याबरोबर एक सल्ला फुकट मिळतो, "तुला जे मनापासून आवडतं ना, तेच कर." सल्ला देणारे काका स्वतः आयुष्यभर बँकेत होते आणि रिटायर झाल्यावर तबला शिकायला लागले, तो भाग वेगळा. मग तीच मुलं इंजिनिअरिंग करतात, हिंजवडीला लागतात, आणि पंचविशी उलटली की वाकडच्या फ्लॅटवर रात्री दीड वाजता रील्स बघताना त्यांना वाटायला लागतं की आपली खरी पॅशन आपल्याला सापडलीच नाही, सापडली असती तर आयुष्याला काहीतरी अर्थ आला असता, आणि आता फार उशीर झालाय वगैरे.

यात एक गोष्ट सगळेच गृहीत धरतात, की आवड ही आपल्या आत आधीपासून तयार होऊन बसलेली असते, आपण फक्त ती हुडकायची. अॅप्टिट्यूड टेस्टवाल्यांचा अर्धा धंदा याच गृहीतकावर चालतो. पण मानसशास्त्राच्या लोकांनी ते तपासून बघितलंय, आणि गंमत म्हणजे आवड खरंच आत असते की नसते यापेक्षा आपण तसं *मानतो का*, यानेच बराच फरक पडतो असं त्यांना दिसलं.

२०१८ मध्ये पॉल ओकीफ, कॅरल ड्वेक आणि ग्रेगरी वॉल्टन या तिघांचा एक पेपर आला. त्यांनी कॉलेजची अशी मुलं घेतली ज्यांचा कल एकतर सायन्स-टेक्नॉलॉजीकडे पक्का होता किंवा आर्ट्सकडे पक्का होता, आणि त्यांना आपल्या आणि दुसऱ्या अशा दोन्ही बाजूंचे लेख वाचायला दिले. ज्यांना वाटत होतं की माणसाची आवड ठरलेली असते ती बदलत नाही, त्यांना आपल्या प्रांताबाहेरचा लेख कमी इंटरेस्टिंग वाटला. ज्यांना वाटत होतं की आवड वाढवता येते, ते दुसऱ्या बाजूच्या लेखातही रमले. इथपर्यंत ठीक आहे, फार धक्का बसण्यासारखं काही नाही.

पण त्यातला दुसरा प्रयोग मला जास्त आवडतो. मुलांना आधी कृष्णविवरांवरचा एक मस्त, सोपा, अॅनिमेशनचा व्हिडिओ दाखवला. बघून बहुतेक सगळे खूश, वा काय भारी विषय आहे. मग लगेच त्याच विषयावरचा एक अवघड, खराखुरा शास्त्रीय लेख हातात दिला. साहजिकच सगळ्यांचाच उत्साह थोडा उतरला, पण "आवड ठरलेली असते" वाल्यांचा जास्त धाडकन उतरला. म्हणजे अवघड गेलं की त्यांचा निष्कर्ष तयारच असतो, अच्छा, म्हणजे ही माझी पॅशन नव्हती तर, चला पुढचं बघू. याच लोकांची अशीही अपेक्षा निघाली की एकदा खरी आवड मिळाली की मग काम करायला ढकलावं लागणार नाही, मोटिव्हेशन आपोआप येत राहील. गिटारचा क्लास तिसऱ्या आठवड्यात सोडलेली पुण्यातली तमाम जनता डोळ्यासमोर आणा. बोटं दुखायला लागतात, एफ कॉर्ड वाजत नाही, आणि मग वाटतं की आपला पिंड गिटारचा नाहीच, कदाचित उकुलेलेचा असेल.

मग आवड होते कशी? सुझॅन हायडी आणि अॅन रेनिंगर यांनी २००६ मध्ये चार टप्प्यांचं मॉडेल मांडलं, आणि मला ते फार व्यवहारी वाटतं. सुरुवातीला बाहेरून एक ठिणगी पडते, एखादा व्हिडिओ, एखादी ट्रिप, एखादा मास्तर. ती बहुतेक वेळा विझते, त्यात विशेष काही नाही. ती टिकायची असेल तर आजूबाजूला काहीतरी लागतं, माणसं लागतात, पुढच्या रविवारी परत जायला कारण लागतं. त्यातून हळूहळू स्वतःचे प्रश्न पडायला लागतात, आणि शेवटच्या टप्प्यात माणूस इतका मुरलेला असतो की अडलं, कंटाळा आला तरी तो सोडून जात नाही. यातली खोच अशी की पहिले दोन टप्पे बरेचसे बाहेरच्या आधारावर उभे असतात. आपण मात्र खोलीत एकटं बसून डायरीत लिहून पॅशन शोधायला जातो.

आता बघा, टिळक स्मारक मंदिरात ज्योतिर्विद्या परिसंस्था १९४४ पासून चालू आहे, हौशी आकाशनिरीक्षकांची देशातली सगळ्यात जुन्यांपैकी एक संस्था. शनीची कडी दुर्बिणीतून पहिल्यांदा दिसली की कोणीही "आईशप्पथ" म्हणतोच, ती ठिणगी. पण थंडीत रात्रभर जागून एक एक तारकागुच्छ शोधत बसायचं, मान दुखेपर्यंत, हे एकट्याच्याने होत नाही, तिथे शेजारी थर्मास घेऊन बसलेले आणखी चार येडे लागतात. कॉलेजात पुरुषोत्तम करंडक केलेल्या कोणालाही विचारा, अर्धे जण मित्राने ओढून नेलं म्हणून बॅकस्टेजला गेलेले असतात, आणि लाइट्सच्या वायरी गुंडाळता गुंडाळता नाटकाचे होऊन जातात.

चौथा टप्पा बघायचा असेल तर शुक्रवार पेठेत राजा दिनकर केळकर संग्रहालयात जाऊन या. दिनकर गंगाधर केळकर, १८९६ ते १९९०, 'अज्ञातवासी' नावाने कविता लिहिणारा माणूस, यांनी १९२० च्या आसपास जुन्या वस्तू जमवायला सुरुवात केली आणि पुढची कित्येक दशकं गावोगाव फिरून दिवे, अडकित्ते, कुलपं, वाद्यं, वज्र्या असं घराघरातलं सामान गोळा करत राहिले. वीस हजारांच्या वर वस्तू. संग्रहालयाला नाव लहानपणीच गेलेल्या त्यांच्या मुलाचं, राजाचं. पन्नास-साठ अडकित्ते बघितल्याशिवाय एकावन्नाव्या अडकित्त्यात काय वेगळं आहे ते दिसणारच नाही, असं मला तिथे दरवेळी वाटतं. माहिती वाढते तशी आवड वाढते, आणि ती आधीच असायला हवी होती असा हट्ट धरला तर पहिल्याच अडकित्त्याशी गाडी थांबते.

इथे डोपामिनचं थोडं बोलायला पाहिजे कारण रील्सवाल्यांनी त्याचं वाटोळं केलंय. डोपामिन म्हणजे आनंदाचं रसायन असं सर्रास सांगतात. मिशिगन विद्यापीठातले केंट बेरिज यांनी उंदरांवर प्रयोग केले, मेंदूतलं डोपामिन जवळजवळ संपवून टाकलं, तेव्हा ते उंदीर अन्नाकडे जायचेच बंद झाले, समोर असूनही उपाशी राहायला लागले. पण साखरेचं पाणी तोंडात घातलं तर पूर्वीइतकेच मिटक्या मारत होते! म्हणजे हवंसं वाटणं आणि आवडणं यांची यंत्रणा मेंदूत वेगवेगळी आहे आणि डोपामिन मुख्यतः हवंसं वाटण्याच्या बाजूला काम करतं. त्यामुळे एखादी गोष्ट आपल्याला सारखी खेचते म्हणून ती आपली आवड, हा हिशोब कच्चा आहे. फोन पण खेचतो.

बरं, आवड लागली, वाढली, आता तीच कमाई करू, हा पुढचा सल्ला. कोथरूडमध्ये तरी दर तिसऱ्या बिल्डिंगमध्ये एक होमबेकर आहे, आणि चांगलं करतात, माझी तक्रार नाही. पण १९७३ चा एक जुना प्रयोग आहे, लेपर, ग्रीन आणि निस्बेट यांचा, तो या लोकांनी एकदा वाचावा. नर्सरीतली मुलं, ज्यांना मार्करने चित्रं काढायला आधीच आवडायचं अशीच निवडून घेतलेली. काहींना सांगितलं की चित्र काढलंत तर सोनेरी चांदणी आणि रिबीन लावलेलं सर्टिफिकेट मिळेल. काहींना न सांगता शेवटी अचानक तेच सर्टिफिकेट दिलं. बाकीच्यांना काहीच नाही. एक-दोन आठवड्यांनी मोकळ्या वेळात मार्कर परत टेबलावर ठेवले आणि आरशामागून बघत बसले. आधी कबूल करून बक्षीस दिलेली मुलं बाकीच्यांच्या निम्माच वेळ चित्रं काढत होती. अचानक बक्षीस मिळालेल्यांना काही झालं नव्हतं. म्हणजे बक्षिसात खोट नव्हती, "हे केलंस तर ते मिळेल" या सौद्यात होती, मुलाच्या डोक्यात चित्र हे कामाचं झालं.

नंतर यावर खूप वाद झाले, एकमेकांचे आकडे खोडायचे पेपर निघाले. १९९९ मध्ये एडवर्ड डेसी, रिचर्ड कोस्टनर आणि रिचर्ड रायन यांनी असे १२८ प्रयोग एकत्र तपासले आणि आधी ठरवून दिलेलं वस्तूरूप किंवा पैशाचं बक्षीस मूळच्या आवडीला मारक ठरतं असंच निघालं, मनापासूनचं कौतुक मात्र उलट मदत करतं. आता याचा अर्थ केकचे पैसे घेऊ नका असा नाही, पोट कोणाला चुकलंय. डेसी आणि रायन यांचं म्हणणं असं की माणसाला आतून काम करावंसं वाटायला तीन गोष्टी लागतात, आपलं आपण ठरवता येणं, जमतंय असं वाटणं, आणि माणसांशी जोडलेलं असणं. ऑर्डरवाली बाई रात्री अकराला फोन करून "फाँडंट गुलाबी नको जांभळं करा" म्हणते तेव्हा पहिली गोष्ट जाते, आणि नेमकी तीच तर हौसेत होती.

आता जीवनाचा उद्देश. हा शब्द आला की चार वर्तुळांचं ते चित्र येतंच, काय आवडतं, काय जमतं, जगाला काय हवंय, कशाचे पैसे मिळतात, आणि मध्ये लिहिलेलं इकिगाई, म्हणजे जपानीत जगण्याचं कारण. ऑफिसच्या ट्रेनिंगला मी म्हणते की प्रत्येकाने एकदा तरी हे बघितलं असेल. पण ते चित्र जपानचं नाहीच. आंद्रेस झुझुनागा नावाच्या स्पॅनिश ज्योतिषाने २०११ च्या सुमारास तशी वर्तुळं काढली होती, मध्ये "उद्देश" असं होतं, आणि २०१४ मध्ये मार्क विन या ब्रिटिश माणसाने मधला शब्द काढून तिथे इकिगाई टाकलं. झालं, जगभर तेच फिरतंय. जपानमध्ये यावर पहिलं गंभीर काम केलं ते मिएको कामिया या मानसोपचारतज्ज्ञ बाईंनी, १९६६ च्या पुस्तकात, आणि त्यांचा बराचसा अनुभव कुष्ठरोग्यांच्या आश्रमातला होता. तिथल्या माणसांना कुठला आलाय पगार आणि कुठलं करिअर. तरी काहींना जगावंसं वाटत होतं आणि काहींना नाही, ते का, हा त्यांचा प्रश्न.

जपानमध्येच ओसाकी भागात ४३,३९१ लोकांना साधा प्रश्न विचारला, तुमच्या आयुष्यात इकिगाई आहे का, आणि सात वर्षं लक्ष ठेवलं. २००८ मध्ये निकाल छापला. "नाही" म्हणणाऱ्यांमध्ये मृत्यूचा धोका साधारण दीडपट होता, वय, आजार, सिगरेट वगैरेचा हिशोब वजा केल्यावरही. अर्थात आजारी, बेकार माणसाला आयुष्यात राम वाटत नाही हे पण खरं, त्यामुळे कोणामुळे काय होतं हे अशा पाहणीतून शंभर टक्के सांगता येत नाही, कितीही हिशोब वजा करा. पण प्रश्नात नोकरीचा उल्लेखसुद्धा नव्हता हे लक्षात घ्या. नातवाला शाळेत सोडणं हेही उत्तर चाललं असतं, पर्वतीवर रोज पहाटे भेटणारा ग्रुपही चालला असता.

आणि आवडीचं कामच उद्देश झालं तर? तेही बघितलंय. २००९ मध्ये स्टुअर्ट बंडरसन आणि जेफ्री थॉम्प्सन यांनी प्राणिसंग्रहालयात काम करणाऱ्यांचा अभ्यास केला, कात्रजचा नाही, अमेरिकेतला. बहुतेक जण कॉलेज शिकलेले, काम लीद काढायचं, पगार अगदीच बेताचा, आणि तरी कित्येकांचं म्हणणं आपण याच कामासाठी जन्माला आलो. त्यांना कामात अर्थ जास्त वाटायचा, हे खरंच. पण तेच लोक कमी पगार आणि स्वतःच्या वेळेचा, आरामाचा त्याग हे कर्तव्य समजून गपचूप मान्य करायचे. "आवडीचं काम मिळालंय ना, मग पैशाचं काय एवढं" हे वाक्य आपल्याकडे शिक्षकांना, नाटकवाल्यांना, एनजीओतल्या पोरांना किती जणांनी ऐकवलं असेल. फक्त त्या अभ्यासात आणखी एक गोष्ट दिसली जी मॅनेजर लोकांनी वाचायला हवी, ज्यांना काम म्हणजे आपलं जन्माचं देणं वाटत होतं त्यांच्या संस्थेकडूनही अपेक्षा जास्त होत्या, आणि प्राण्यांच्या बाबतीत वरून काही हयगय होतेय का यावर त्यांचीच नजर सगळ्यात कडक होती.